‘चंदू चॅम्पियन’: तिकिटाचे २३६ रुपये कोणाकोणाच्या खिशात गेले?

पुण्याहून कोल्हापूरला एसटीने जाणाऱ्या कोणालाही पेठ नाका माहीत असतो. कऱ्हाड मागे पडले की थोड्या वेळाने वाहक नाक्याच्या नावाने आरोळी देतो, इस्लामपूर-सांगलीकडचे प्रवासी पिशव्या सावरत उतरतात आणि गाडी पुढे निघते. माझे आजोळ वाळवा तालुक्यातले असल्यामुळे लहानपणी मी त्या नाक्यावर कितीतरी वेळा उतरलो आहे. मात्र पेठ हे मुरलीकांत पेटकरांचे गाव आहे आणि या पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत, म्हणजे विश्वविक्रमी वेळेत जिंकून भारताला त्या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, हे मला आजोळी कधी कोणी सांगितले नाही. ते मला कळले सिनेमाच्या जाहिरातीतून, आणि हे कबूल करताना थोडी लाज वाटते.

कबीर खान यांनी दिग्दर्शित केलेला आणि साजिद नाडियादवाला यांच्या निर्मितीसंस्थेने काढलेला ‘चंदू चॅम्पियन’ १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. मी तो दोनदा पाहिला. पहिल्याच आठवड्यात पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये आणि नंतर आजोळी, मामांसोबत टीव्हीवर. सिनेमा म्हणून तो कसा आहे हे सांगतोच, पण हे परीक्षण मुख्यतः पैसे देऊन माल विकत घेणाऱ्या ग्राहकाचे आहे. दुधाच्या पिशवीवर दूधसंघाचे नाव असते आणि संघ दूध उत्पादकाला फॅटनुसार काय दर देतो हे गावात सर्वांना ठाऊक असते. मग खेळाडूच्या आयुष्यापासून तयार झालेल्या मालाबाबत तोच प्रश्न विचारला, तर त्यात गैर काय?

आधी मालाविषयी. सिनेमा प्रामाणिक आहे आणि त्याची बांधणी जुन्या वळणाची आहे. म्हातारे झालेले पेटकर पोलीस ठाण्यात येतात आणि आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवून घ्या असा हट्ट धरतात, तिथून कथा मागे जाते. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांचे कऱ्हाडला झालेले स्वागत लहानगा मुरली पाहतो आणि आपणही असेच पदक आणायचे असे ठरवतो. पुढे सैन्य, मुष्टियुद्ध, १९६५च्या युद्धात लागलेल्या गोळ्या, कमरेखाली गेलेले बळ, रुग्णालयातली वर्षे आणि उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेले पोहणे असा प्रवास आहे. युद्धाचा प्रसंग कॅमेरा न थांबवता एका दमात घेतला आहे आणि तो पाहताना श्वास अडकतो. विजय राज यांनी रंगवलेले प्रशिक्षक टायगर अली हे सिनेमातले सर्वांत जिवंत पात्र आहे. पेटकरांची भूमिका करणाऱ्या कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत खरी आहे आणि ती दिसते. किंबहुना ती जरा जास्तच दिसते, कारण प्रदर्शनाआधी त्याच्या शरीरातल्या चरबीचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर कसे आले याची जेवढी चर्चा झाली, तेवढी पाठीच्या कण्याजवळ गोळी घेऊन पोहणाऱ्या माणसाची झाली नाही. मधला सैन्यातल्या गमतीजमतींचा भाग लांबला आहे, आणि सांगलीकडची माणसे ज्या प्रकारचे हिंदी बोलतात ते ऐकून मामा दोनदा हसले, त्यांतले एक हसणे विनोदाला नव्हते.

आता तिकीट. माझे तिकीट २३६ रुपयांचे होते. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे मूळ किंमत २०० आणि कर ३६ रुपये. त्यातले १८ केंद्राचे आणि १८ राज्याचे. ॲपवरून जागा राखून ठेवल्याबद्दल द्यावे लागलेले सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा कर वेगळा. उरलेल्या २०० रुपयांची वाटणी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९च्या संपानंतर ठरलेल्या प्रमाणात साधारणपणे अशी होते, की पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा वितरकाकडे जातो, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. मी पहिल्या आठवड्यात गेलो म्हणून माझे १०० रुपये चित्रपटगृहाकडे राहिले आणि १०० रुपये वितरकामार्फत निर्मात्याच्या दिशेने निघाले. मध्यंतरात घेतलेल्या पॉपकॉर्नचे पैसे मात्र पूर्णपणे चित्रपटगृहाचे, आणि ते तिकिटापेक्षा जास्त होते.

या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. सिनेमाचा नायक दोन तास सरकारकडे दाद मागतो आहे, आणि त्याची ही गोष्ट पाहण्यासाठी दिलेल्या पैशातला पहिला, खात्रीचा आणि कोणत्याही तोट्याची झळ न लागणारा वाटा सरकारच घेते. सिनेमा चालला काय किंवा पडला काय, प्रत्येक तिकिटामागचे ते ३६ रुपये ठरलेले. निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्याकडे गेलेले १०० रुपये म्हणजे त्याचा नफा नव्हे. त्यातून आधी वितरणाचे कमिशन, प्रसिद्धीचा खर्च, कलावंतांचे मानधन आणि उचललेल्या पैशांचे व्याज भागायचे असते. ‘चंदू चॅम्पियन’ची जगभरातली तिकीटविक्री, सिनेव्यवसायाच्या बातम्यांनुसार, शंभर कोटींच्याही आत राहिली, त्यामुळे इथे कोणी पोती भरून पैसा नेला असे म्हणणे निर्मात्यावर अन्याय करणारे ठरेल. अर्थात टीव्ही, ओटीटी आणि गाण्यांचे हक्क वेगळे विकले जातात, आणि मामांच्या घरी बसून आम्ही जे पाहिले ते त्या दुसऱ्या कमाईच्या खात्यातले होते.

आमच्या मामांचे सगळे आयुष्य उसात गेले आहे. मी तिकिटाची ही फोड कागदावर मांडून दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारले, “आन् पेटकरांना टनाला किती दिला रं?”

हसू आले, पण या विषयावर मी वाचलेल्या कोणत्याही लेखापेक्षा हा प्रश्न नेमका होता. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला किमान दर असतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार तुटलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. पहिली उचल मिळाली तरी हिशेब तिथे संपत नाही. साखर, मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) यांतून कारखान्याला जे उत्पन्न मिळते त्यातला सत्तर टक्के वाटा उत्पादकाचा, असे सूत्र महाराष्ट्राने २०१३ साली कायद्यात आणले. ते पाळले जाते का, काट्यावर काय होते, यावर वाळवा तालुक्यात दोन माणसांचे एकमत होणार नाही, पण निदान भांडायला सूत्र तरी आहे. खेळाडूच्या गोष्टीला तसा हमीभाव नाही. त्याला एकरकमी उचल मिळते, तीही बहुधा चित्रीकरण सुरू होण्याआधी, आणि अंतिम बिल सहसा निघत नाही. सिनेमा पुढे वीस वर्षे टीव्हीवर लागत राहिला तरी त्या फिरत्या कमाईशी त्याचा संबंध उरत नाही.

याचे मूळ कायद्यात आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय निर्मात्यांना दोष देणे सोपे पण चुकीचे होईल. ‘जीवनकथेचे हक्क विकत घेतले’ असे बातम्यांत छापून येते, तेव्हा सातबाऱ्यावरची जमीन विकत घ्यावी तसे काही घडलेले नसते. भारतीय कायद्यात स्वतःच्या आयुष्यातल्या घटनांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल खटल्यात सांगितले, की जी माहिती सार्वजनिक नोंदींत आहे तिच्या आधारे एखाद्याविषयी लिहायला त्याच्या परवानगीची गरज नाही; खासगी आयुष्यात शिरायचे असेल तर मात्र परवानगी हवी. म्हणजे पेटकरांचे पदक, त्यांची वेळ आणि त्यांचे रेजिमेंट यावर कोणीही सिनेमा काढू शकतो. निर्माता पैसे देतो ते दोन गोष्टींसाठी: घरातल्या ट्रंकेतले फोटो, पत्रे आणि आठवणी मिळाव्यात म्हणून, आणि पुढे कोणी कोर्टात जाऊ नये म्हणून. कागदाच्या भाषेत सांगायचे तर खेळाडू आपली गोष्ट विकत नाही, आपला आक्षेप विकतो. ज्याच्याकडे विकायला एवढेच आहे, त्याला घासाघीस करायला कितीशी जागा उरणार?

माणूस गेल्यानंतर तर तेवढेही राहत नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावर बेतलेल्या सिनेमाविरुद्ध घेतलेली धाव दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली नाकारली आणि खासगीपणाचा व व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसाहक्काने मिळत नाही, असे म्हटले. योगायोग असा, की हा अभिनेता प्रसिद्धीच्या शिखरावर पोहोचला तो महेंद्रसिंह धोनीची भूमिका करून. ज्या खाशाबांची मिरवणूक ‘चंदू चॅम्पियन’मध्ये दिसते ते १९८४ साली अपघातात गेले. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. नागराज मंजुळे यांनी खाशाबांवरचा सिनेमा जाहीर केलेला आहे, आणि तो पडद्यावर येईल तेव्हा गोळेश्वरच्या जाधव कुटुंबाला जे काही मिळेल ते निर्मात्याच्या सौजन्याने मिळेल, कायद्याच्या जोरावर नव्हे.

मग कोणाला काय मिळाले? जाहीरपणे सांगितल्या गेलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण बोलक्या आहेत. ‘भाग मिल्खा भाग’साठी मिल्खा सिंगांनी राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्याकडून एक रुपया घेतला, आणि ती नोट १९५८ सालची, म्हणजे कार्डिफला त्यांनी राष्ट्रकुलाचे सुवर्ण जिंकले त्या वर्षी छापलेली होती. ही गोष्ट इतकी गोड आहे की सगळे तिथेच थांबतात. खरा शहाणपणा त्या नोटेत नव्हता, करारातल्या दुसऱ्या कलमात होता. नफ्यातला वाटा मिल्खा सिंगांच्या धर्मादाय न्यासाला द्यावा अशी अट त्यांनी घातली होती, आणि तो न्यास गरजू खेळाडूंना मदत करतो. एक रुपया घेणारा मोठ्या मनाचा आणि पैसे मागणारा लोभी असे चित्र आपल्याकडे झटकन रंगवले जाते, पण मिल्खांनी रुपया घेऊन वाटाही ठेवून घेतला, आणि पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या निवृत्त जवानाने आधी पैसे मागितले तर त्याला लोभी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

‘दंगल’चे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. बबिता फोगाट यांनी २०२४ साली एका मुलाखतीत सांगितले, की दोन हजार कोटी कमावणाऱ्या त्या सिनेमातून त्यांच्या कुटुंबाला सुमारे एक कोटी मिळाले. हा आकडा ऐकून समाजमाध्यमांवर बराच गदारोळ झाला. त्या दोन हजारांची फोड केली पाहिजे, कारण ती तिकीटविक्रीची एकूण रक्कम आहे आणि तिच्यातले बाराशे कोटींहून अधिक एकट्या चीनमधले आहेत, जिथे परदेशी सिनेमाच्या निर्मात्याकडे विक्रीच्या साधारण पाव हिस्साच येतो. तरीही सगळी वजावट करून जे उरते त्यापुढे एक कोटी ही रक्कम म्हणजे उसाच्या गाडीपुढे ठेवलेली गुळाची ढेप. करार झाला तेव्हा एवढे यश कोणाच्या स्वप्नातही नव्हते हे खरे, आणि नेमके म्हणूनच एकरकमी करारात धोका असतो: सिनेमा पडला तर खेळाडूचे नुकसान होत नाही, पण चालला तर त्याला काही मिळत नाही. धोनीच्या सिनेमात चित्र वेगळे दिसते, कारण त्याचे एक निर्माते अरुण पांडे हे धोनीचे मित्र आणि त्याच्या व्यवहारांचे व्यवस्थापक होते. ज्याचा माणूस निर्मात्याच्या खुर्चीत बसतो, त्याला ‘किती दिले’ असे विचारावे लागत नाही.

जे कराराच्या टेबलाशी कधी बसलेच नाहीत, त्यांचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. ‘दंगल’मध्ये २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम लढतीआधी एक खुनशी प्रशिक्षक गीताच्या वडिलांना खोलीत कोंडून ठेवण्याची व्यवस्था करतो. हा प्रसंग काल्पनिक आहे. अंतिम लढतही पडद्यावर दिसते तशी शेवटच्या सेकंदावर लटकलेली नव्हती, गीताने ती आरामात जिंकली होती. त्या काळी भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक असलेल्या प्यारा राम सोंधी यांनी या चित्रणाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. सिनेमात त्या पात्राचे नाव प्रमोद कदम आहे, भूमिका आपल्या गिरीश कुलकर्णींची आहे आणि ती त्यांनी उत्तम केली आहे, पण हरियाणाच्या गोष्टीतला खलनायक मराठी आडनावाचा का निघावा हे कोडे मला अजून सुटलेले नाही. मुद्दा असा, की नाव बदलले की कायदेशीर अडचण टळते, पण ज्याच्यावरून पात्र बेतले आहे त्याला गावातली पोरे ओळखतातच, आणि त्याला ना मोबदला मिळतो ना खुलाशाची जागा.

गोष्ट एकाची नसून अनेकांची असेल तर गुंता आणखी वाढतो. नागपूरचे विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा ‘झुंड’ पूर्ण होऊनही कज्जात अडकला, कारण हैदराबादच्या एका निर्मात्याचे म्हणणे होते की त्या चळवळीतून पुढे आलेला खेळाडू अखिलेश पॉल याच्या गोष्टीचे हक्क आपण आधीच घेतले आहेत. एकाच मैदानावर घडलेली गोष्ट प्रशिक्षकाची की खेळाडूची, हा प्रश्न क्रीडाक्षेत्रात कधी कोणी विचारला नसता. तो सिनेमाने विचारायला लावला. आणि ‘मेरी कोम’चे तर काय सांगावे? मणिपुरात फुटीरतावाद्यांनी २००० सालापासून हिंदी सिनेमांवर बंदी घातलेली असल्यामुळे मणिपूरच्या मुलीची गोष्ट मणिपूरच्या चित्रपटगृहांत लागलीच नाही.

पैशाशिवाय मिळणारे काही असते हे मी नाकारत नाही, आणि पेटकरांच्या बाबतीत तर ते ढळढळीत दिसते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. सिनेमा आला जून २०२४ मध्ये, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला, त्यांच्या वयाच्या ऐंशीव्या वर्षी. पडद्यावरचा म्हातारा ज्यासाठी पोलीस ठाण्यात भांडतो तोच पुरस्कार. सिनेमामुळेच मिळाला असा दावा मी करणार नाही, पण जो पुरस्कार सुवर्णपदकानंतर बावन्न वर्षे मिळाला नव्हता तो सिनेमानंतर सात महिन्यांत मिळाला, याची नोंद कोणीही करील. माझ्या आजोळच्या शाळेत आता पोरांना पेटकर ठाऊक आहेत. ही कमाई तिकीटखिडकीच्या कोणत्याही आकड्यात बसत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागत नाही.

मात्र या कमाईकडे बोट दाखवून पैशाचा प्रश्न मिटवण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. ‘तुम्हाला नाव मिळाले ना’ हे वाक्य अभिनेत्याला मानधनाऐवजी कोणी ऐकवत नाही. त्यालाही तर त्या भूमिकेतून नाव मिळतेच.

तेव्हा निकाल असा. सिनेमा म्हणून ‘चंदू चॅम्पियन’ला मी पाचांपैकी तीन गुण देईन, युद्धाचा प्रसंग, विजय राज आणि शेवटची शर्यत यांच्यासाठी तो पाहावाच, शक्यतो घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन, आणि मधली वीस मिनिटे चहा करायला उठलात तरी काही बिघडत नाही. व्यवहार म्हणून मी त्याला गुण देऊ शकत नाही, कारण ग्राहकाला बिल दाखवलेले नाही. श्रेयनामावलीत केशभूषाकारापासून जनरेटरवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे असतात, प्राण्यांना इजा झाली नसल्याची हमी असते, धूम्रपानाविषयीचा इशारा असतो. त्यांच्यासोबत ‘ज्यांची ही गोष्ट आहे त्यांचा या सिनेमाच्या उत्पन्नात इतका वाटा आहे’ अशी एक ओळ घालायला फार तर चार सेकंद लागतील. मिल्खांसारखा करार झाला असेल तर ती ओळ निर्मात्याच्याच भूषणाची ठरेल. मामांचे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. त्यांना श्रेयनामावलीतली ओळ नको आहे, काट्याची पावती हवी आहे.